‘आपण मनुष्य करू’ यातले ‘आपण’ कोण? उत्पत्ती १:२६ विषयी

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका कॅथलिक पॅरिशमध्ये दृढीकरणाच्या (मुलांचा विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराच्या) वर्गात बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय चालू होता. एका मुलीने विचारले, देव एकच, तर ‘आपण मनुष्य करू’ असे तो कोणाला म्हणतो? शिकवणाऱ्यांनी ‘हा त्रैक्याचा पुरावा’ (त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) असे सांगून विषय संपवला. पुढच्या रविवारी ती तीन आक्षेप घेऊन आली. मुंब्र्याची मैत्रीण म्हणाली की कुराणातही अल्लाह ‘आम्ही’ म्हणतो, ते मोठेपणाचे बोलणे आहे. दारावर आलेल्या यहोवाच्या साक्षीदारांनी सांगितले की पिता पुत्राशीच बोलतो आहे, पण त्यातून त्रैक्य निघत नाही. आणि शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आजोबांच्या मते देव तिथे देवदूतांशी बोलतो. आता वर्गात काय सांगायचे?

तिघांच्याही म्हणण्यामागे काहीतरी आहे. अडचण केली ती ‘पुरावा’ या शब्दाने. ख्रिस्ती वाचन चुकीचे नाही, पण ते या एका ओळीतून सिद्ध होत नाही. ते नव्या कराराच्या उजेडात मागे वळून केलेले वाचन आहे. हा फरक मुलांना नीट समजावला तर तिन्ही आक्षेपांना घाबरायचे कारण उरत नाही.

आधी एक गुंता सोडवू. ‘देवासाठी बहुवचन’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. एक म्हणजे मूळ हिब्रूतले ‘एलोहीम’, म्हणजे ‘देव’, हे नाम, आणि दुसरी म्हणजे २६व्या वचनातले ‘आपण करू’ हे क्रियापद व ‘आपल्या प्रतिरूपाचा’ हा शब्द. पहिलीत त्रैक्यासाठी जवळपास काहीच नाही. दुसरीत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

‘एलोहीम’ला ‘-ईम’ हा हिब्रूतला पुल्लिंगी बहुवचनाचा प्रत्यय आहे, हे खरे. पण उत्पत्ती १:१ पासून २:३ पर्यंत हा शब्द ३५ वेळा येतो आणि त्याचे क्रियापद एकवचनीच असते. ‘बारा एलोहीम’, म्हणजे देवाने निर्माण केले: एकवचन. ‘वय्योमेर एलोहीम’, देव बोलला: एकवचन. २६व्या वचनाची सुरुवातही याच एकवचनी ‘वय्योमेर’ने होते. मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. ‘त्याचे प्राण गेले’ म्हणतो तेव्हा त्या माणसाला अनेक प्राण होते असे कोणी समजत नाही. ‘हाल झाले’, ‘डोहाळे लागले’ हेही तसेच. हिब्रूत पाणी (मायीम), आकाश (शामायीम), जीवन (हय्यीम), चेहरा (पानीम) हे शब्द असेच अनेकवचनी रूपात चालतात.

शिवाय हाच ‘एलोहीम’ एकेकट्या परक्या देवांनाही लावला आहे: १ शमुवेल ५:७ मध्ये दागोनला, शास्ते ११:२४ मध्ये कमोशला, १ राजे ११:५ मध्ये अष्टोरेथ या देवीला. दागोन त्रैक्य होता असे कोणी म्हणणार नाही. निर्गम ७:१ मध्ये तर मोशे फारोला ‘एलोहीम’सारखा होईल असे म्हटले आहे. उलट बाजूचीही नोंद असावी: उत्पत्ती २०:१३, ३५:७ आणि २ शमुवेल ७:२३ इथे खऱ्या देवाबद्दल बोलताना क्रियापदही बहुवचनी आले आहे. तशी ठिकाणे इतकी थोडी आहेत की त्यांच्यावर सिद्धांत उभारता येत नाही.

एक युक्तिवाद फार ऐकू येतो: हिब्रूत द्विवचन आहे, म्हणून बहुवचन म्हणजे किमान तीन. तो सोडून द्या. बायबलच्या हिब्रूत द्विवचन हात, पाय, डोळे अशा जोड्यांपुरते आणि काळाच्या व मोजमापाच्या काही शब्दांपुरते उरले आहे. बाकी सर्वत्र दोनालाही साधे बहुवचनच लागते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातल्या ६:४ मधला ‘एहाद’, म्हणजे ‘एक’, हा ‘अनेकांनी मिळून झालेला एक’ आहे, हाही तसलाच मुद्दा. उपदेशक ४:८ मध्ये ज्याला मुलगा नाही, भाऊ नाही अशा एकट्या माणसालाही ‘एहाद’च म्हटले आहे. तो शब्द म्हणजे आपला एक, दोन, तीनमधला एक. टेंभी नाक्याजवळचे शआर हाशामायिम सिनेगॉग १८७९ सालचे आहे आणि तिथली ‘शेमा’ची प्रार्थना, म्हणजे हेच अनुवाद ६:४, याच ‘एहाद’वर येऊन थांबते. तो शब्द रोज म्हणणाऱ्या शेजाऱ्याला आपण त्याचा नवा अर्थ शिकवायला जाऊ नये. प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिन स्वतः पक्का त्रैक्यवादी होता. तरी १५५४च्या आपल्या उत्पत्तीवरील भाष्यात पहिल्याच वचनाशी त्याने ‘एलोहीम’वरून त्रैक्य काढण्याच्या ओढाताणीपासून वाचकांना सावध केले आहे.

आता खरा मुद्दा. २६व्या वचनात ‘नआसे’, म्हणजे आपण करू, ‘बेत्साल्मेनू’, आपल्या प्रतिरूपात, आणि ‘किद्मुतेनू’, आपल्या सादृश्याप्रमाणे, अशी तीन रूपे एकापाठोपाठ प्रथमपुरुषी बहुवचनात आहेत. लगेच २७व्यात ‘वय्यिव्रा एलोहीम … बेत्साल्मो’: देवाने निर्माण केले, त्याच्या प्रतिरूपात. ‘निर्माण केले’ हे क्रियापद त्या एका वचनात तीनदा येते आणि तिन्ही वेळा एकवचन. बोलणे बहुवचनात, करणे एकवचनात. प्रत्येक अर्थाची कसोटी इथे लागते.

मराठी बायबलमध्ये मात्र ही उडी दिसतच नाही. ‘आपल्या प्रतिरूपाचा’ असे दोन्ही वचनांत छापलेले आहे. २६मधले ‘आपल्या’ म्हणजे ‘आपणा सर्वांच्या’ आणि २७मधले ‘आपल्या’ म्हणजे ‘स्वतःच्या’, पण कानाला दोन्ही सारखेच. म्हणून फळ्यावर २७वे वचन ‘त्याच्या प्रतिरूपाचा’ असे लिहून दाखवा. एवढ्या एका बदलाने अर्धा वर्ग जागा होतो.

दुसरी गोष्टही मराठीपुरती. हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच शब्द आहे, इंग्रजीतही तसेच. मराठीत निवड करावीच लागते: ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटले की तो आत. प्रचलित मराठी भाषांतराने इथे ‘आपण करू’ घेतले. म्हणजे ऐकणाराही करण्यात सामील आहे, हा अर्थ भाषांतरकाराने आधीच ठरवून टाकला. ‘आम्ही मनुष्य करू’ असे असते, तर ती राजाची घोषणा वाटली असती. यशया ६:८ मध्ये तेच भाषांतर ‘आमच्यासाठी कोण जाईल?’ म्हणते, कारण तिथे ऐकणारा यशया त्या ‘आम्ही’च्या बाहेर आहे. तेव्हा ‘मराठी बायबलात आपण आहे, म्हणून पुत्र सामील होता’ असा तर्क कोणी केला तर थांबवा. तो भाषांतरावरून केलेला तर्क आहे, मूळ शब्द तेवढे सांगत नाही.

आता मैत्रिणीचा आक्षेप, आदरार्थी बहुवचन. मराठी कानाला तो पटकन पटतो, कारण ‘साहेब आले’, ‘बाबा म्हणाले’ आपण दिवसभर बोलतो. पण नीट पाहिले तर ‘एलोहीम’ची रचना याच्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे नाम एकवचनी आणि क्रियापद बहुवचनी, तर तिथे नाम बहुवचनी आणि क्रियापद एकवचनी. मोठेपणा दाखवणारे बहुवचनी नाम हिब्रूत आहे. योसेफाच्या एकट्या धन्यालाही उत्पत्ती ३९:२० मध्ये बहुवचनी शब्द आहे, आणि ‘एलोहीम’चे स्पष्टीकरण बहुधा तेच. पण राजा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ही पद्धत जुन्या करारात सापडत नाही. फारो योसेफाला ‘मी तुला नेमले’ म्हणतो (उत्पत्ती ४१:४१). कोरेश बादशहाचे फर्मानही ‘मला’ असेच बोलते (एज्रा १:२). एज्रा ४:१८ मध्ये अर्तहशश्त राजा ‘आमच्याकडे पाठवलेले पत्र माझ्यासमोर वाचण्यात आले’ असे म्हणतो, पण ते अरामी भाषेतले आहे आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे दरबाराकडे असाही अर्थ होतो. म्हणून हिब्रू व्याकरणकार आज हा मार्ग सहसा घेत नाहीत. मैत्रिणीला सांगायचे ते एवढेच: अरबीत आणि कुराणात तो वापर तुम्ही म्हणता तसाच समजला जातो. पण हिब्रूतल्या वाक्याला पुरावा हिब्रूतलाच लागेल. कुराणाचा अर्थ तिला शिकवू नये.

आजोबांचे मत सर्वांत भक्कम पायावर आहे. जुन्या करारात देवाभोवती स्वर्गीय सभा भरलेली दिसते: १ राजे २२:१९–२२ मध्ये मीखाया हा संदेष्टा ती पाहतो, ईयोब १:६ मध्ये ‘देवपुत्र’ हजर होतात, स्तोत्र ८२:१ मध्ये देव त्या सभेत उभा आहे. ईयोब ३८:७ तर पृथ्वीचा पाया घातला तेव्हा ते जयघोष करत होते असे सांगते, म्हणजे निर्मितीच्या वेळी ते उपस्थित. यशया ६ मध्ये ‘मी कोणाला पाठवू, आमच्यासाठी कोण जाईल’ हे बोलणे सराफीम या स्वर्गीय सेवकांच्या समोर चालते. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी सांगतो की देवाने देवदूतांचा सल्ला घेतला तो नम्रतेपोटी, मोठ्याने लहानाला विचारावे हे शिकवण्यासाठी. पाखंड्यांना यात संधी मिळेल हे त्याला ठाऊक आहे, आणि उत्तर पुढच्याच वचनात आहे असे तो दाखवतो: तिथे ‘निर्माण केले’ एकवचनात आहे. बेरेशीत रब्बा या जुन्या यहुदी संग्रहात याहून गमतीची गोष्ट आहे. तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, लिहिताना या ओळीपाशी मोशे थबकतो आणि देवाला विचारतो, पाखंड्यांना असे निमित्त का देतोस? देव म्हणतो, लिही, ज्याला चुकायचे तो चुको. म्हणजे हा वाद दृढीकरणाच्या वर्गात सुरू झालेला नाही.

या मतावर ख्रिस्ती आक्षेप दोन. यशया ४४:२४ म्हणते देवाने आकाश एकट्याने पसरले, आणि ‘आपल्या प्रतिरूपाचा’ म्हटल्यावर माणूस देवदूतांच्याही प्रतिरूपाचा ठरतो. पहिल्याचे उत्तर २७वे वचन देते: सभा ऐकते, निर्मिती देव करतो. दुसरा आक्षेप जड आहे, कारण उत्पत्ती ९:६ स्पष्टपणे ‘देवाचे प्रतिरूप’ एवढेच म्हणते. तरी स्तोत्र ८:५ ध्यानात ठेवा: माणूस ‘एलोहीम’हून किंचित कमी, आणि ग्रीक भाषांतराने तिथे ‘देवदूत’ असाच शब्द घातला.

चौथा अर्थ म्हणजे देव स्वतःशी विचार करतो. २ शमुवेल २४:१४ मध्ये दावीद एका वाक्यात ‘आपण परमेश्वराच्या हाती पडू’ म्हणतो आणि लगेच ‘माणसाच्या हाती मी न पडो’ असे एकवचनात येतो. जर्मन भाष्यकार क्लाउस वेस्टरमान याच मताचा. चौथ्या शतकात संत बेसिलने याची थट्टा केली होती: कोणता लोहार किंवा सुतार एकटा हत्यारांपाशी बसून ‘चला, आपण करू’ असे स्वतःला म्हणतो? बेसिलने मराठी घर पाहिले नव्हते. इथे माणूस एकटा असला तरी ‘चला, चहा टाकू या’ म्हणतोच.

आता खुद्द ख्रिस्ती वाचन. ते फार लवकर सुरू झाले. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर हुतात्मा जस्टिन यहुदी त्रुफोशी वाद घालताना हेच वचन घेतो आणि देव पुत्राशी बोलला असे म्हणतो. देव स्वतःशी बोलला, देव पृथ्वीशी वा तत्त्वांशी बोलला, देवदूतांनी शरीर घडवले, ही इतर मते त्याला माहीत आहेत आणि तो ती खोडतो. अंत्युखियाचा थियोफिलस इ.स. १८०च्या सुमारास ‘आपला शब्द आणि आपले ज्ञान’ यांच्याशी देव बोलला असे लिहितो. त्याच काळात इरेनेयस हा धर्माध्यक्ष पुत्र आणि आत्मा यांना देवाचे दोन हात म्हणतो, आणि ते जास्त लक्षात राहते. हात मदतनीस नसतात, ते ज्याचे त्याचेच असतात. सृष्टी देवदूतांनी घडवली म्हणणाऱ्यांना तो या उपमेने अडवत होता. मुलांना देण्यासाठी यापेक्षा चांगली उपमा शोधायची गरज नाही. त्रैक्यासाठी पाण्याच्या तीन अवस्था सांगणे मात्र बंद करा. एकच देव तीन रूपे पालटतो, असा जुना चुकीचा अर्थ त्यातून डोक्यात बसतो, आणि मग ‘आपण’ला कोणी उरतच नाही.

हे सगळे लेखक ग्रीक बायबल वाचत होते. त्यात ‘एलोहीम’च्या जागी ‘थिऑस’ हा साधा एकवचनी शब्द आहे. म्हणजे सुरुवातीच्या शतकांतला त्यांचा सगळा भर ‘आपण करू’ या क्रियापदावर होता, आणि नामाच्या प्रत्ययाचा मुद्दा त्यांच्यासमोर नव्हताच.

साक्षीदारांना उत्तर इथेच मिळते. ‘पिता पुत्राशी बोलला’ एवढे मान्य केल्याने त्रैक्य येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ३५१ साली सिर्मियम येथे भरलेल्या धर्मसभेने ‘हे वाक्य पित्याने पुत्राला उद्देशून नव्हे तर देवाने स्वतःशीच म्हटले’ असे म्हणणाऱ्यांना शाप दिला. गंमत अशी की ती सभा पुत्राला पित्याच्या बरोबरीचा देव ठरवणाऱ्या नायसियाच्या धर्मसभेच्या (३२५) मताची नव्हती, पुत्र निर्माण केलेला आहे म्हणणाऱ्या एरियसकडे झुकलेल्या धर्माध्यक्षांचा तिच्यावर पगडा होता. पिता आज्ञा देतो आणि त्याच्याहून कमी दर्जाचा पुत्र ती पाळतो, असे हे वचन त्यांनाही सोयीचे होते. पुत्र निर्माण केलेला की निर्माता, हा निकाल उत्पत्ती १:२६ देत नाही. तो योहान १:३ कडे जाऊन लागतो: जे काही झाले ते त्याच्यावाचून झाले नाही. ‘जे काही झाले’ या यादीत जो नाही, तो निर्माण केलेला कसा? साक्षीदारांशी बोलताना उत्पत्तीवर अर्धा तास घालवू नका, सरळ तिथे जा.

संत ऑगस्टीनने हे जास्त काटेकोरपणे बांधले. ‘आपल्या’ हे बहुवचन आहे, म्हणून माणूस एकट्या पुत्राचे प्रतिरूप नाही. २७व्यात ‘देवाचे’ हे एकवचन आहे, म्हणून ते तीन देव नाहीत. दोन्ही वचने एकत्र धरल्याशिवाय त्याचा युक्तिवाद उभा राहत नाही, आणि तो वर्गात सांगताना लोक नेमके दुसरे वचन गाळतात. तोच ऑगस्टीन बाबेलच्या गोष्टीत (११:७, ‘चला, आपण खाली जाऊ’) देव देवदूतांशी बोलत असेल हे मान्य करतो, पण १:२६ला तसे म्हणू देत नाही. एकच व्याकरण, दोन निर्णय, आणि ठरवणारी गोष्ट संदर्भ. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या प्रॉटेस्टंट धर्मपंडिताने ‘आपण’चा संबंध ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ याच्याशी जोडला: देवामध्येच ‘मी’ आणि ‘तू’ आहे, म्हणून माणूसही एकट्याने प्रतिरूप नाही. सुंदर आहे, पण वचनापेक्षा जास्त बोलते. गॉर्डन वेनहॅम या प्रॉटेस्टंट भाष्यकाराने १९८७मध्ये घेतलेली भूमिका मला सर्वांत टिकाऊ वाटते: लेखकाच्या मनात स्वर्गीय सभा होती, आणि नव्या कराराने त्यात आणखी खोल अर्थ पाहिला. कॅथलिक वर्गासाठी हे परके नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या प्रकटीकरणावरील दस्तऐवजात, १२व्या परिच्छेदात, लेखकाला काय म्हणायचे होते ते आधी शोधा आणि मग संपूर्ण बायबलच्या एकतेत वाचा, असा क्रमच दिला आहे. दोन पायऱ्या आहेत. पहिली गाळली की ओढाताण होते, दुसरी गाळली की नुसता इतिहास उरतो.

वर्ग एका तासाचा असेल तर पहिली १० मिनिटे २६ आणि २७ शेजारी लिहून बहुवचन-एकवचन मुलांनाच शोधू द्या. पुढची २० मिनिटे १ राजे २२, ईयोब ३८ आणि यशया ६ मोठ्याने वाचा, आणि ‘देव कोणाशी बोलत असेल?’ हे त्यांना ठरवू द्या. बहुतेक जण देवदूत म्हणतील. त्यांना खोडू नका. मग १५ मिनिटे योहान १:१–३, कलस्सै १:१६ आणि इब्री १:२, आणि पुन्हा उत्पत्ती १:१–३: तिथे देव आहे, जलावर त्याचा आत्मा आहे, आणि ‘होवो’ हा शब्द आहे. इरेनेयसचे दोन हात इथे सांगा, आधी नाही. आधी सांगितले की मुले ईयोब वाचतच नाहीत, उत्तर मिळालेले असते. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांना.

एक प्रश्न नक्की येईल: ३:२२ मधले ‘मनुष्य आपल्यातल्या एकासारखा झाला’ हे काय? त्याला त्रैक्याने घाईत उत्तर देऊ नका, कारण तिथे मुद्दा बरेवाईट जाणण्याचा आहे आणि दोन वचनांनंतर करूबीम, म्हणजे स्वर्गीय रक्षक, पहाऱ्याला उभे आहेत. आणि त्या मुलीला शेजारच्या आजोबांच्या मताबद्दल ‘चूक’ असे सांगू नका. पहिल्या पायरीवर तिचा वर्ग आणि आजोबा एकाच ठिकाणी उभे आहेत. दुसरी पायरी आपण योहानाच्या आधाराने चढतो आणि ते चढत नाहीत, एवढे तिला सांगितले की ती आजोबांना ते त्याच शब्दांत सांगू शकते.